उभे शेड हलवताना

पुण्यातील विंचूरकर वाडा लोकमान्य टिळकांमुळे पुष्कळांच्या परिचयाचा आहे. हे आडनाव ज्या गावावरून आले ते विंचूर मात्र नाशिक-छत्रपती संभाजीनगर रस्त्याने जाणाऱ्यांना कांद्याने भरलेल्या ट्रॅक्टर-ट्रॉल्यांमुळे लक्षात राहते. निफाड तालुक्यातील या गावी लासलगाव बाजार समितीचे उपबाजार आवार आहे, औद्योगिक विकास महामंडळाचे वाइन पार्क आहे आणि सभोवार काळ्या जमिनीत कांदा व द्राक्षे. अशा मुलखात बहुतेक मळ्यांत एखादे तरी पत्र्याचे शेड असतेच. फवारणीचा पंप, ठिबकच्या गुंडाळलेल्या नळ्या, खताच्या गोण्या, रिकामे क्रेट, मोटारीचा स्टार्टर असा सारा संसार त्यात नांदत असतो. शहरातील बंगल्याच्या आवारात कुंड्या, खुरपी आणि गवत कापण्याचे यंत्र ठेवण्यासाठी उभारलेले शेड हे त्याचेच धाकटे भावंड.

शेड उभारताना ते पुढे कधी हलवावे लागेल असे कोणाच्या मनात येत नाही. मग भावाभावांत वाटणी होते आणि शेड नेमके दुसऱ्याच्या हिश्श्यात जाते. रस्ता रुंद होतो, नवी विहीर खोदायची ठरते, द्राक्षाच्या नव्या ओळीच्या मधोमध ते येते. कधी पावसाचे पाणी त्याच्याच दारात साचते. क्रेन आणावी तर ती बागेच्या बोळातून आत येत नाही, आली तर चाकाखाली पाइपलाइन फुटते, आणि भाडे ऐकून जुने शेड मोडीत काढलेले बरे असे वाटू लागते. म्हणून हे काम बहुधा घरात असलेल्या वस्तूंवर भागवले जाते: पहार, दोर, जुने लोखंडी पाइप, ट्रॅक्टरचा जॅक आणि शेजारची माणसे. या साधनांत उणे काही नाही. उणीव असते ती पूर्वविचाराची.

जड नव्हे, सैल

शेडकडे पाहून होणारा पहिला समज असा, की ते फार जड असेल. हिशेब करून पाहिला तर निराळेच चित्र दिसते. १० फूट लांब, ८ फूट रुंद आणि ७ फूट उंचीचे सर्वसाधारण शेड घेऊ. छप्पर व चारी बाजू मिळून सुमारे ३२ चौरस मीटर पत्रा लागतो. अर्ध्या मिलिमीटर जाडीचा नालीदार लोखंडी पत्रा चौरस मीटरला साडेचार किलोच्या आसपास भरतो; म्हणजे सगळा पत्रा दीडशे किलोंच्या आत. ४० मिलिमीटरचा अँगल मीटरला ३ किलो. ४८ मीटर अँगलचे तेवढेच वजन. आतले सामान काढल्यावर संपूर्ण शेड ३०० किलोंचे होते. बारा माणसांनी उचलले तर माणशी २५ किलो, म्हणजे सिमेंटच्या निम्म्या गोणीएवढे.

खरी अडचण वेगळीच आहे. शेड जमिनीला खिळलेले असते तोवरच ते ताठ असते. चारी पाय सुटले की चौकट चौकट राहत नाही. एका कोपऱ्याला धक्का बसला तरी आयताचा समांतरभुज होतो. बोल्टची छिद्रे फाकतात, पत्रा खिळ्यांच्या जागी फाटतो, दार कायमचे अडकते. लाकडी शेडचे सांधे तर याहून लवकर सुटतात. शेड पडते ते ओझ्याने क्वचितच, पडते ते तिरपे झाल्याने. गवंडी ज्याला ‘गुण्यात असणे’ म्हणतात ते गुण्यातले रूप प्रवासभर टिकवणे, हेच या कामाचे सार होय.

त्यासाठी पाय सोडण्यापूर्वी चारी भिंतींवर आतून फुलीच्या आकारात तिरपे आधार बसवावे लागतात. निरुपयोगी अँगल, जाड बांबू किंवा दोन इंची लाकडी पट्ट्या चालतात. बांबू असेल तर तो दोराने नव्हे, तारेने आवळून बांधावा, कारण दोर ताणला जातो आणि बांबू सरकतो. दाराच्या बाजूला फुली मारता येत नसेल तर दार बंद करून त्याच्या चौकटीच्या तळाशी आडवी पट्टी ठोकावी, कारण दाराची बाजू ही प्रत्येक शेडची सर्वांत दुबळी बाजू असते. तळाला सलग चौकट नसेल, नुसते चार पायच असतील, तर चारी पाय जमिनीलगत आडव्या लाकडांनी एकमेकांना जोडावेत. शेवटी जमिनीवर एका कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत तिरके माप घ्यावे. १० बाय ८ फुटांच्या शेडला ते जवळपास १२ फूट पावणेदहा इंच येते. दोन्ही कर्णांची मापे पत्र्यावर खडूने लिहून ठेवावीत. नव्या जागी गेल्यावर तीच मापे आली, तर शेड सुखरूप पोहोचले.

आधी काय उतरवायचे

छप्पर पत्र्याचे असेल तर ते सहसा जागीच राहू द्यावे, कारण घट्ट बसवलेला पत्रा स्वतःच चौकटीला ताठ ठेवतो. कौलांची गोष्ट वेगळी. एक मंगलोरी कौल सव्वादोन ते अडीच किलोंचे असते; शेडवर कौले असतील तर एकट्या छपराचे वजनच पत्र्याच्या संपूर्ण शेडएवढे होते, आणि तेही सर्वांत वर. ती उतरवलीच पाहिजेत. सिमेंटचे पत्रेही उतरवावेत. त्यांवर पाय देऊन चढू नये, कारण ते पूर्वसूचना न देता मधोमध तुटतात. जुन्या सिमेंट पत्र्यांत अॅस्बेस्टॉसचे तंतू असतात आणि त्याची धूळ फुप्फुसांना घातक असते. असे पत्रे कापू किंवा फोडू नयेत. पाण्याने ओले करून, नाकातोंडावर योग्य मास्क लावून अख्खेच काढावेत.

शेडमध्ये मोटारीचा स्टार्टर असेल तर मुख्य पुरवठा बंद करून जाणकार वायरमनकडूनच जोडणी सोडवावी. पत्र्याआडून गेलेली एखादी विस्मरणात गेलेली वायर नंतर ताणाने तुटते आणि सारे शेड विद्युतभारित होते. पाय काँक्रीटमध्ये गाडलेले असतील तर खणत बसण्यापेक्षा जमिनीलगत कापून नव्या जागी तळपट्टी जोडणे सोपे.

कित्येक वर्षे न हललेल्या शेडखाली कोण राहत असेल याचाही विचार करावा. थंडावा, अंधार आणि उंदीर यांमुळे साप व विंचू यांना अशी जागा पसंत पडते. (गावाच्या नावाशी याचा संबंध जोडण्याचे कारण नाही.) पहिला कोपरा उचलताना हात नव्हे, पहार आत जावी, पायांत बूट व हाती टॉर्च असावा.

मग वाट पाहावी, म्हणजे शब्दशः चालून पाहावी. शेडची रुंदी दाखवणारी काठी दोघांनी आडवी धरून संपूर्ण मार्गाने नेली, की कोठे द्राक्षाच्या मांडवाची ताणतार आड येते, कोठे वळताना कोपरा बांधाला लागतो, कोठे ठिबकची मुख्य नळी जमिनीलगत आहे, हे आदल्या दिवशीच कळते. काळ्या जमिनीत हे काम पावसाळ्यात काढूच नये. ओली काळी माती रुळांना आणि माणसांच्या पायांना सारखीच धरून ठेवते.

पहार, जॅक आणि रूळ

उचलण्यासाठी तरफेइतके भरवशाचे साधन नाही. पाच फुटी पहारीखाली टोकापासून अर्ध्या फुटावर टेकू दिला तर हाताकडची बाजू साडेचार फुटांची होते आणि दाबाच्या नऊपट भार उचलला जातो. ३०० किलोंच्या शेडच्या एका कोपऱ्यावर सुमारे ७५ किलो येतात. ते उचलायला आठ-नऊ किलोंचा दाब पुरतो, जे काम घरातील कोणीही करू शकेल. जॅक वापरायचा तर तो मोकळ्या मातीवर कधीही ठेवू नये. खाली रुंद फळी असावी, नाही तर शेड वर जाण्याऐवजी जॅकच खाली जातो.

एक कोपरा एका वेळी दोन इंचांहून अधिक उचलू नये. उचलला की ताबडतोब ठोकळा सरकवावा, मग पुढचा कोपरा. असे चारी कोपऱ्यांवरून फिरत फिरत, जिना चढावा तसे शेड वर येते. एकच बाजू हौसेने फूटभर उचलणे म्हणजे फुल्यांच्या साऱ्या मेहनतीवर पाणी. शेड केवळ जॅकवर किंवा पहारीवर असताना त्याखाली हात, पाय वा डोके जाता कामा नये. भार ठोकळ्यांवर उतरल्यानंतरच काय ते आत सरकवावे, तेही काठीने. विटांचे ठोकळे करण्याचा मोह होतो. वीट दाबाखाली अचानक फुटते. बाभळीच्या किंवा कोणत्याही कठीण लाकडाच्या तुकड्यांना तोड नाही.

शेड चार-पाच इंच वर आले, की तळाच्या चौकटीखाली लांबीच्या दिशेने दोन लाकडी तुळया बांधाव्यात. तुळयांची पुढची टोके खालून तिरपी तासलेली असावीत, म्हणजे रुळावर चढताना ती अडत नाहीत. जमिनीवर फळ्यांच्या दोन समांतर ओळी, त्यांवर आडवे रूळ, आणि रुळांवर तुळया. रुळासाठी दोन इंची लोखंडी पाइप किंवा सरळ, गोल निलगिरीची बल्ली चालते. प्लॅस्टिकचा पाइप दिसायला योग्य वाटतो, परंतु भाराने चपटा होतो आणि चपटा रूळ हा रूळ नसून अडथळा असतो.

फरक किती पडतो? कोरड्या जमिनीवरून ३०० किलोंचे शेड नुसते ओढायचे तर वजनाच्या निम्मा जोर, म्हणजे दीडशे किलोंच्या आसपास लागतो. कठीण फळ्यांवर रूळ नीट असतील तर तेच काम पंधरा-वीस किलोंत होते. रुळाचा आणखी एक गुण पहिल्यांदा पाहणाऱ्याला कोड्यात टाकतो: शेड दोन फूट पुढे सरकते तेव्हा रूळ एकच फूट सरकतो. म्हणून रूळ मागे मागे पडत जातात आणि मागून सुटलेला रूळ उचलून पुढे लावत राहावे लागते. शेड कोणत्याही क्षणी किमान दोन रुळांवर असावे, आणि तिसरा-चौथा आधीच पुढे मांडलेला असावा. वळायचे असेल तर रूळ किंचित तिरपे मांडावेत. शेडला ढकलून वळवू नये, ते आपोआप वळते.

ओढण्यासाठी ट्रॅक्टर समोर उभाच असतो आणि तो जोडण्याची सूचना कोणीतरी करतोच. ती नम्रपणे नाकारावी. शेड कुठे अडकले तर दोर धरलेल्या माणसाला तत्काळ कळते आणि तो थांबतो. ट्रॅक्टरला काहीच कळत नाही, तो तळपट्टी उपटून पुढे निघून जातो. अगदीच लांबचा पल्ला असेल तर शेड ट्रॉलीवर चढवून बांधून न्यावे, पण जमिनीवरून फरफटत नव्हे. उताराची जागा चढावाहून अधिक धोक्याची. उतारावर मागच्या बाजूस सोल बांधून तो भक्कम झाडाला दोन-तीन वेढे घेऊन धरावा. वेढ्यांच्या घर्षणामुळे एक माणूस हळूहळू सोडत शेड खाली उतरवू शकतो. उताराच्या बाजूला, शेडच्या पुढे, कोणीही उभे राहू नये.

खांद्यावरचे शेड

अंतर थोडे आणि माणसे पुष्कळ असतील तर रुळांचीही गरज नसते. ज्याचे काम अडले त्याच्या शेतावर साऱ्यांनी जाऊन ते एका दिवसात उरकायचे आणि त्याने जेवण घालायचे, ही इर्जिकीची पद्धत महाराष्ट्राच्या खेड्यांना नवी नाही. फिलिपिन्समध्ये बांबूचे अख्खे घर गावकऱ्यांनी खांद्यावरून नेण्याची परंपरा ‘बायानिहान’ या नावाने ओळखली जाते. अमेरिकेतील नेब्रास्का राज्यात ब्रुनो नावाच्या खेड्यात ३० जुलै १९८८ रोजी ३४४ माणसांनी एक मोठे लाकडी कोठार हातांनी उचलून शंभराहून अधिक फूट दूर, चढावरच्या जागी नेऊन ठेवले. ओढ्याचे पाणी शिरत असल्याने ते हलवणे भाग होते. त्या प्रसंगी दरमाणशी येणारे ओझे पंचवीस किलोंच्या आसपासच होते. लोकांना माणसांची संख्या आठवते, पण ते काम साधले ते कोठाराच्या आतबाहेर बसवलेल्या पोलादी पाइपांच्या जाळीमुळे. तिच्यामुळे प्रत्येकाला धरायला मूठ मिळाली आणि कोठार तिरपे झाले नाही.

विंचूरच्या शेडलाही हेच लागू पडते. पत्र्याच्या काठाला धरून कोणी उचलू नये. पत्रा हात कापतो आणि वाकतोही. तळाच्या चौकटीखालून तीन-चार मजबूत वासे आरपार घालून ते दोन्ही बाजूंना दोन-दोन फूट बाहेर ठेवावेत आणि त्यांनाच खांदा किंवा हात द्यावा. उंच-ठेंगणी माणसे समोरासमोर जुळवून घ्यावीत, नाही तर ठेंगण्याच्या वाट्याला ओझे येत नाही आणि उंचाची पाठ जाते. आज्ञा एकानेच द्यावी, आणि त्या माणसाने स्वतः ओझे घेऊ नये. ‘हैश्या’ म्हणणारे चार झाले, की शेडचे चार कोपरे चार वेळी उचलले जातात.

डोक्यावरची तार

या साऱ्या प्रकारात जिवावर बेतणारी गोष्ट जमिनीवर नसून वर असते. मळ्यांतून गेलेल्या ११ हजार व्होल्टच्या तारा वर्षानुवर्षे पाहून दिसेनाशा होतात. तार मधोमध झोळ खाऊन खाली आलेली असते, आणि रुळांवर चढलेले, शिवाय माणसांनी खांद्यावर घेतलेले शेड मूळ उंचीहून चार-पाच फूट उंच झालेले असते. लोखंडी चौकट तारेला टेकली तर ती धरलेल्या प्रत्येकाला एकाच क्षणी धक्का बसतो. इतक्या दाबाची वीज स्पर्शापूर्वीच हवेतून उडी घेऊ शकते, म्हणून ‘वीतभर अंतर आहे’ हा दिलासा खोटा असतो. हातांतील उभे पाइप, शिडी, छपरावरून निघालेला सुटा पत्रा यांनाही हाच धोका. शक्यतो तारेखालून वाट काढूच नये. दुसरा मार्गच नसेल तर महावितरणच्या स्थानिक कार्यालयाशी आधी बोलून पुरवठा बंद झाल्याची खात्री करून घ्यावी, आणि तरीही शेड उभे न नेता खोलून न्यावे. ‘आता लोडशेडिंग आहे’ या समजुतीवर कोणाचाही जीव टांगू नये. वीज कोणत्याही क्षणी परत येते.

चाळीची दिशा

कांदा चाळ हा शेडचाच प्रकार, पण ती अख्खी हलवण्याच्या भरीस पडू नये. तळाशी दीड-दोन फूट मोकळी जागा, त्यावर फटींचा तळ, चार फुटांच्या आसपास रुंदी आणि पुष्कळदा चाळीस फुटांची लांबी असा तिचा बेत असतो. इतकी अरुंद आणि लांब वस्तू उचलली की मधोमध वाकते. ती बोल्ट खोलून, खणाखणाने न्यावी. प्रत्येक खणाच्या अँगलवर रंगाने क्रमांक टाकले, तर पुन्हा जोडताना छिद्र छिद्राला मिळते.

चाळ हलवण्यामागे बहुधा दिशेचे कारण असते. एकपाखी चाळ दक्षिणोत्तर आणि दोनपाखी चाळ पूर्व-पश्चिम असावी, असा कृषी विभागाचा सल्ला आहे. एकपाखी चाळ दक्षिणोत्तर असली की पश्चिमेकडून येणारा पावसाळी वारा तिच्या लांब बाजूवर येतो आणि चार फुटांचा थर ओलांडून पलीकडे निघून जातो. तीच चाळ जागेच्या सोयीने आडवी उभी केली तर वाऱ्याला चाळीस फुटांच्या ढिगातून वाट काढावी लागते. आतली दमट हवा आतच राहते, कांद्याला कोंब येतात, सड लागते. उन्हाळ कांदा एप्रिल-मेमध्ये चाळीत जातो आणि भावाची वाट पाहत दिवाळीपर्यंत राहतो, तेव्हा दिशेच्या चुकीची किंमत मोठी असते. चाळ हलवायची तर ती रिकामी असते त्या काळात, म्हणजे हिवाळ्यात. ती शासकीय अनुदानातून उभी राहिली असेल तर तालुका कृषी कार्यालयाला विचारल्याविना तिची जागा बदलू नये.

नव्या जागी

नवा पाया शेड हलण्यापूर्वी तयार असावा. रुळांवर उभे शेड आणि पाया खणणारी माणसे हे दृश्य अनेक ठिकाणी दिसते, पण ते अनुकरणीय नाही. चारी कोपऱ्यांची पातळी पाण्याच्या पारदर्शक नळीने तपासावी. काळी जमीन पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते, म्हणून वरची माती काढून मुरूम भरून चोपावा आणि त्यावर दगडी किंवा काँक्रीटचे ठोकळे बसवावेत. शेड टेकल्यावर पुन्हा दोन्ही कर्ण मोजावेत. फरक असेल तर लांब कर्णाच्या दोन कोपऱ्यांना दोर बांधून आवळत आणावे. फुल्या मात्र पाय पक्के होईपर्यंत काढू नयेत.

पाय पक्के करण्याचे काम ‘उद्या पाहू’ म्हणून सोडण्याचा प्रघात आहे, कारण तोवर संध्याकाळ झालेली असते आणि जेवणाची हाक आलेली असते. ताशी ७२ किलोमीटर वेगाचा वारा चौरस मीटरला सुमारे २४ किलोंचा दाब देतो. या शेडच्या ९ चौरस मीटर छपराला तो वर उचलू लागला तर जोर दोनशे किलोंच्या पुढे जातो. दार उघडे राहून आतही वारा भरला तर तो आणखी वाढतो. शेडचे सारे वजन ३०० किलो. एप्रिल-मेमध्ये वळवाच्या वावटळी आल्या की सुट्या शेडला कोणी माणसे बोलवावी लागत नाहीत. म्हणून त्याच दिवशी, उजेड असतानाच, चारी कोपऱ्यांना दोन-दोन फुटांच्या लोखंडी मेखा बाहेरच्या बाजूला तिरप्या ठोकून जाड तारेने बांधून घ्यावे, दार आतून-बाहेरून अडकवावे, आणि खताच्या गोण्या सर्वांत आधी आत नेऊन चार कोपऱ्यांत रचाव्यात. काँक्रीट दुसऱ्या दिवशी ओतले तरी चालते.